आठ लिटरचं इंजिन आणि हरवलेले दोनशे दहा घोडे

जगाचा एक नियम आहे आणि तो कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत: ज्याला जागेचं भाडं पडत नाही, तो पसरतो. हा नियम सोफ्याला लागू आहे, पाहुण्यांना लागू आहे, कार्यकारिणीला तर आहेच आहे, आणि ऐका ना, एकोणीसशे शहात्तर सालच्या अमेरिकन गाडीच्या इंजिनाला तो इतका लागू आहे की आमच्या मराठी मंडळाला त्यासाठी अधिकृत चौकशी उपसमिती नेमावी लागली. त्या उपसमितीची सचिव मी, उर्वी. (पात्रता: फोनवर मराठी कीबोर्ड आहे.)

थांबा, पहिल्यापासून सांगते.

आमचं मंडळ श्रूजबरीचं. मॅसॅच्युसेट्समध्ये, वूस्टरला लागून. मंडळाचे सभासद तीनशे आणि कार्यकारिणी एक्केचाळीस जणांची. लोकशाही एवढी दाट जगात दुसरीकडे कुठे नसेल. वर्षाला कार्यक्रम चार, म्हणजे एका कार्यक्रमामागे दहा पूर्णांक पंचवीस शतांश माणसं लागतात, आणि तरी दर वेळी चहा संपतो. ह्यावरून आमचे कार्यक्रम किती मोठे असतात ते कळेल.

तर ह्या वर्षी टाउनने आम्हाला समर परेडचं आमंत्रण दिलं. पहिल्यांदाच! एक ट्रेलर सजवायचा, मेन स्ट्रीटवरून टेकडी चढायची, पलीकडच्या उतारावर मैदानाजवळ टाउनवाल्यांचं व्यासपीठ असतं त्याच्या समोरून हात हलवत जायचं. एवढंच. पण मराठी संस्कृतीतलं ट्रेलरवर काय ठेवायचं ह्याच्यावर चर्चा झाली, आणि काय वगळायचं ह्याच्यावर एकमत झालं नाही, त्यामुळे सगळंच ठेवलं. किल्ला आधी पुठ्ठ्याचा होता, पण पुठ्ठा आपल्या इतिहासाला शोभत नाही म्हणून तो प्लायवूडचा झाला. लेझीमवाले. पेटी-तबला. फुगडी. मुलांसाठी संस्कार कोपरा. अध्यक्षांसाठी लाकडी कठडा. चालत्या ट्रेलरवर गरम थालीपीठं लावायचाही प्रस्ताव होता, पण टाउनच्या फायर मार्शलने तो एका शब्दात उडवला. (तो शब्द मी इतिवृत्तात 'सविस्तर चर्चेअंती' असा लिहिला.)

आता हे सगळं ओढणार कोण?

तर प्रतापकाका उभे राहिले. काका वूस्टरच्या कारखान्यातून रिटायर झालेले मेकॅनिकल इंजिनियर, सत्तर-बहात्तरच्या बॅचचे, म्हणजे ज्या काळी इथे कोथिंबीर मिळाली तर लोक फोन करून एकमेकांना सांगायचे त्या काळातले. त्यांच्याकडे शहात्तरची ती गाडी आहे. चॉकलेटी रंगाची. इतकी लांब की पुढचा बंपर सिग्नलला थांबतो तेव्हा मागचा अजून आधीच्या चौकात असतो. मागे ट्रेलरचा हुकसुद्धा आहे. काकांनी कधीतरी बोट घेऊ म्हणून बसवला होता. बोट घेतली नाही, हुक राहिला.

"माझी गाडी ओढेल," काका म्हणाले.

आणि लगेच मागून उत्तराकाकू उभ्या राहिल्या. काकू रिटायर्ड डॉक्टर आहेत, भूलतज्ज्ञ. चाळीस वर्षं समोरच्या माणसाला झोपवायचं काम केल्यामुळे त्यांना कोणी मध्येच बोलतं ह्याची सवय नाही.

"सगळ्यांच्या देखत सांगते," काकू म्हणाल्या. "आमची लेक नैना बाळाला घेऊन पश्चिम किनाऱ्यावरच्या बेलव्ह्यूहून इथे परत येतेय. तिची गाडी आमच्या गराजमध्ये लागेल, तिला तिथे चार्जिंग लागतं. म्हणजे एक गाडी जाणार. अहो, ह्या परेडमध्ये तुमची गाडी स्वतःच्या ताकदीवर व्यासपीठासमोरून गेली, तर राहील. नाहीतर विकायची. मान्य?"

काकांनी मान हलवली. हसून हलवली, पण मी शेजारीच बसले होते, त्यांचा हात खिशातल्या किल्लीवर गेलेला मी बघितला. अमेरिकेत घेतलेली त्यांची पहिली गाडी आहे ती. काकूंना एअरपोर्टवरून घरी आणलं ते तिच्यातूनच.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग अमेयदादाने फोन काढला.

अमेयदादा सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याच्याकडे एक छोटी टर्बोवाली गाडी आहे, लाल, आणि तिच्याबद्दल विचारलं नाही तरी तो सांगतो.

"काका, इंजिन केवढं आहे तुमचं?"

"आठ पॉइंट दोन लिटर," काका म्हणाले. मुलीला मेडिकलला कुठे ॲडमिशन मिळाली हे सांगताना आवाज लागतो ना, तो आवाज.

"आणि हॉर्सपॉवर?"

"भरपूर आहे."

"आकडा, काका."

"अरे, भरपूर म्हणजे पुरून उरते."

अमेयदादाने आकडा शोधला आणि सभागृहाला वाचून दाखवला. "एकशे नव्वद." मग तो काकांकडे वळला. "माझी दोन लिटर आहे. तिला अडीचशे."

तेवढ्यात मागच्या रांगेतून कोणीतरी तो प्रश्न विचारला जो जगात फक्त आपलीच माणसं विचारू शकतात. "मग लिटरला किती पडले?"

मी लगेच फोनवर भागाकार केला. तेवीस!

"तेवीस?" मंजुषाताई म्हणाल्या. त्या अध्यक्षा, आणि पूर्वी नागपूरला शाळेत शिकवायच्या. "पासिंगला पस्तीस लागतात."

"माझे एकशे पंचवीस आहेत," अमेयदादा म्हणाला.

"शंभरपैकी?" मंजुषाताईंनी चष्मा वर केला. त्या क्षणापासून अमेयदादाकडे बघायची मंडळाची नजरच बदलली.

काका चिडले. "अरे, सत्तर साली ह्याच इंजिनाचे चारशे लिहिले होते! हेच इंजिन! माझ्या मित्राकडे होतं, मी स्वतः ब्रोशर वाचलंय!"

चारशे वजा एकशे नव्वद. दोनशे दहा घोडे सहा वर्षांत गायब. आता बघा, इतकी जनावरं नाहीशी होतात आणि पन्नास वर्षं कोणी साधी विचारपूस करत नाही, हे जबाबदार संस्थेला बघवणार नाही. सबब 'घोडे गेले कुठे' चौकशी उपसमिती. सर्वानुमते.

उपसमिती काकांच्या गराजमध्ये, तिथे साठलेल्या मंडळाच्या सामानाच्या खोक्यांवर बसून भरली. सदस्य पाच, बटाटेवडे बावीस.

काकांनी बॉनेट उघडलं. ते एवढं मोठं आहे की ते उघडल्यावर ट्यूबलाइट झाकली गेली आणि मला टॉर्च लावावा लागला. आत बघितलं तर इंजिनाभोवती नुसत्या रबरी नळ्या, शेवयांच्या खिरीसारख्या.

"काका, ही नळी काय करते?"

"ती त्या नळीला विचारते."

"आणि ती?"

"ती ह्या नळीकडे बघून ठरवते." काकांनी पंखा दाखवला. "ते सोड. पहिली गोष्ट समजून घे. सत्तर साली हॉर्सपॉवर मोजायचे कसे? इंजिन गाडीतून बाहेर काढायचं. स्टँडवर ठेवायचं. पंखा काढला. अल्टरनेटर काढला. एअर फिल्टर काढला, सायलेन्सर काढला. इंजिनाला जे जे म्हणून ओझं आहे ते सगळं बाजूला. वरून थंड हवा. मग म्हणायचं, पळ. पळालं, लिहा चारशे. ह्याला ग्रॉस म्हणतात."

"पण पंख्याशिवाय नि ह्या सगळ्याशिवाय गाडी चालते?"

"दोन गल्ल्या जाणार नाही."

"मग?"

"मग काय? ब्रोशर चालायचं ना."

काकू वड्यांची दुसरी परात घेऊन आल्या होत्या. "ह्यांचं स्थळ आलं तेव्हा असंच मोजलं होतं," त्या म्हणाल्या. "सासू इचलकरंजीला, नणंदा तिकडेच, मुलगा एकटा अमेरिकेत, घोरण्याचा उल्लेख नाही. चारशे वाटले होते. घरात बसवल्यावर कळलं, एकशे नव्वद."

"उत्तरा, लोक आहेत इथे."

"मग भिंतींना काय सांगू? लोकांनाच सांगतेय."

(सदर विधान इतिवृत्तात घेऊ नये अशी काकांची सूचना होती. सूचना इतिवृत्तात घेतली आहे.)

बहात्तरच्या सुमारास नियम बदलला. आता सगळं अंगावर घालून मोजायचं: पंखा, फिल्टर, सायलेन्सर, सगळं. ते नेट. आणि देशभरातल्या गाड्यांचा एक स्क्रूसुद्धा न हलवता लाखो घोडे रातोरात दिसेनासे झाले! काकांच्या हिशेबाने आपल्या दोनशे दहापैकी अंदाजे एकशे तीस असेच गेले. उपसमितीचा निष्कर्ष मी तिथल्या तिथे टाइप केला: सदर एकशे तीस घोड्यांच्या मृत्यूस कोणीही जबाबदार नाही, कारण ते जन्मलेच नव्हते.

राहिले ऐंशी. हे मात्र खरे होते, आणि ते खरोखर गेले.

काही पेट्रोलपायी गेले. म्हणजे काय झालं, पेट्रोलमधलं शिसं काढायचं ठरलं. शिसं नसलेलं स्वस्तातलं पेट्रोल जास्त दाबलं की वेळेआधीच पेटतं आणि इंजिन आतून ठोठावायला लागतं. मग त्यावर उपाय म्हणून दाबणंच कमी केलं. पूर्वी दहा पट दाबायचे, ते साडेआठ पट. मंजुषाताई म्हणाल्या, "म्हणजे पोराला परीक्षेचं टेन्शन येतं म्हणून अभ्यासक्रमच कमी केला." एका शिक्षिकेला जे एका वाक्यात कळलं ते अमेयदादाला मी तीनदा समजावलं.

बाकीचे धुरापायी गेले. हवा स्वच्छ ठेवायचा कायदा आला, तो चांगलाच होता, पण कंपन्यांना तो एकदम आला, गणिताचा पेपर येतो तसा. त्यांनी नवं इंजिन बनवायच्या ऐवजी जुन्याच इंजिनावर नळ्या लावल्या. एक नळी तर इंजिनाने सोडलेला थोडा धूर परत इंजिनालाच पाजते. मला हे आधी खोटं वाटलं. पण मग आठवलं की आमच्या कार्यकारिणीतही मागच्या सभेचेच मुद्दे परत आत घेतात आणि त्यानेही तापमान कमी राहतं, वेग पडतो, कोणाचा स्फोट होत नाही.

"हे सगळं ठीक आहे," अमेयदादा म्हणाला. "पण चारशे धरले तरी आठ लिटरला ते कमीच आहेत, काका. लिटरला पन्नाससुद्धा पडत नाहीत. मुळात ढब्बूच होतं ना तुमचं इंजिन?"

यार, हा मुद्दा बरोबर होता. सगळे काकांकडे बघायला लागले. काकांनी वडा खाली ठेवला.

"ढब्बू नाही. निवांत," ते म्हणाले. "युरोपात, जपानमध्ये इंजिनाच्या आकारावर टॅक्स पडायचा. मग त्यांनी काय केलं? इंजिन छोटं ठेवलं आणि पिळलं. उसाचं चिपाड चौथ्यांदा घालतात ना चरकात, तसं. इथे टॅक्स नाही, पेट्रोल पाण्याच्या भावाने. ताकद कमी पडतेय? पिळू नका, इंजिनच मोठं करा! हा एकेक पिस्टन पुरीएवढा आहे. टम्म पुरी. तो काय धावणार? तुझं इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्या मारतं आणि किंचाळतं. हे साडेतीन हजारला म्हणतं, बास, आता जेवू. हॉर्सपॉवर म्हणजे काय, जोर गुणिले घाई. माझ्यात जोर आहे. घाई नाही."

"शेवटचं खरं आहे," काकू म्हणाल्या.

मला इतकं भारी वाटलं सांगू! जोर गुणिले घाई! मी अख्खा अहवाल रंगवून लिहिला, नळ्यांची चित्रं काढली, कार्यकारिणीपुढे ठेवला. अहवालाचं सगळ्यांनी कौतुक केलं आणि मग विचारलं, "पण शेवटी किती? एकशे नव्वदच ना?" अमेयदादा म्हणाला, "कारणं छान आहेत. मार्क तेवीसच." आणि त्याने त्याची लाल गाडी ट्रेलर ओढायला देऊ केली. काका टेबलावरच्या टाचण्या एका रांगेत लावत बसले होते. काकूसुद्धा त्या टाचण्यांकडेच बघत होत्या.

तेव्हा मंजुषाताईंमधली प्रशासक जागी झाली. त्या म्हणाल्या, "उर्वीच्या अहवालात स्पष्ट लिहिलंय की एकशे तीस घोडे मोजायची पद्धत बदलल्यामुळे गेले. मग मोजायची पद्धत बदलून ते परत आणता येतील. घटनेत कुठे मनाई आहे?"

घटना बघितली. मनाई नव्हती.

ठराव: श्रूजबरी मराठी मंडळाच्या कार्यकक्षेत ह्यापुढे सर्व मोजमाप ग्रॉस पद्धतीने होईल. अनुमोदन मिळालं, मतदान झालं, एकमताने मंजूर. (अमेयदादाने हात वर केला होता तो एसी कमी करा म्हणून. ग्रॉस पद्धतीने तो होकार धरला.) टाळ्या! प्रतापकाकांची गाडी त्या संध्याकाळी चहा यायच्या आत चारशे हॉर्सपॉवरची झाली. ऐंशी खऱ्या घोड्यांचं काय, असं मी विचारणार होते, पण ते ठरावाच्या दुसऱ्या वाचनात आपोआप आले.

आणि काय सांगू, एकदा पद्धत हातात आल्यावर मंडळाची जी प्रगती झाली! पाडव्याच्या कार्यक्रमाला नेट पद्धतीने नव्वद माणसं होती. ग्रॉस पद्धतीने चारशे बारा. ह्यात 'बघू' म्हणालेले, 'नक्की प्रयत्न करतो' म्हणालेले, आणि त्या दिवशी त्या रस्त्याने कुठेतरी जाताना दिसलेले धरले आहेत. मुलांच्या मराठी वर्गात आठ मुलं येतात, ग्रॉस एकाहत्तर, कारण एवढ्या मुलांच्या आया 'पुढच्या वर्षी नक्की घालणार' आहेत. आणि परेडसाठी स्वयंसेवक? चौसष्ट! व्हॉट्सॲपवर ज्यांनी ज्यांनी कधी काळी 'काही मदत लागली तर सांगा' असं लिहिलं होतं ते सगळे. मला तर वाटतं आमच्या मंडळाएवढं मोठं मंडळ अख्ख्या न्यू इंग्लंडमध्ये नाही.

परेडचा दिवस. ऊन छान, वारा छान. पुढे हायस्कूलचा बँड, मग आम्ही, आमच्या मागे टाउनचा अग्निशामक बंब. म्हणजे आम्ही अडकलो तर अख्ख्या टाउनच्या आगी अडकणार. काका स्टिअरिंगवर. शेजारी पैठणी नेसून काकू. (त्या गाडीत समोरची सीट म्हणजे सोफा आहे, दोघांच्या मध्ये अजून एक मंडळ बसेल.) मागे ट्रेलर, त्यावर किल्ला, लेझीम, पेटी-तबला, फुगडी, संस्कार कोपरा आणि कठड्याला धरून मंजुषाताई. मी आणि अमेयदादा गाडीच्या बाजूने चालत. अमेयदादाने लाल गाडी जवळच्या गल्लीत लावून ठेवली होती. "जस्ट इन केस," म्हणाला, आणि मला उगाच राग आला.

चढ सुरू झाला. तो असा चढ आहे ना की सायकलवाले उतरून फोन आल्याचं नाटक करतात. ट्रेलर एकदा करकरला. मी डोळेच मिटले.

काहीच झालं नाही. गाडी आपली चालतेय! आवाज किती, तर दुपारी जेवून झोपलेल्या माणसाचा येतो तेवढा. खालच्या खाली गुरगुर, गुरगुर, आणि अख्खा किल्ला लेझीमसकट वर निघालाय.

अमेयदादा खिडकीशी वाकला. "काका, आरपीएम किती?"

"हजाराच्या आतच असेल. पाय बघ माझा." काकांचा पाय ॲक्सिलरेटरवर नुसता टेकला होता, बाळाला थोपटतात तसा.

"एवढ्याशा आरपीएमला एवढं ओढतंय?"

"अरे, परेडच आहे ना! घाई कोणाला आहे?"

अमेयदादाने फोन खिशात ठेवला. पूर्ण चढभर त्याने तो परत काढला नाही. ह्यापेक्षा मोठा सन्मान त्या गाडीला कोणी दिलेला नाही.

आणि टेकडीच्या अगदी माथ्यावर आलो, व्यासपीठ समोर दिसतंय, पुढे नुसता उतार, आणि गाडीने एक उचकी दिली. अजून एक. आणि बंद.

काकांनी किल्ली फिरवली. खर्र. परत फिरवली. खर्र. मग त्यांनी पेट्रोलच्या काट्याकडे बोट केलं. काटा तळाला!

"मी तर टाकी फुल केली होती," काका म्हणाले.

तर झालं होतं असं की आदल्या दिवशी मंडळाची भार-नियोजन उपसमिती बसली होती. (चार इंजिनियर, एक सीए.) ट्रेलर फार जड झालाय, काहीतरी कमी केलं पाहिजे, हे त्यांना पटलं होतं. किल्ला कमी केला तर इतिहास दुखावतो, लेझीम कमी केली तर लेझीमवाले. मग त्यांनी गणित केलं: फुल टाकीतल्या पेट्रोलचं वजन पंचाहत्तर किलो! आणि पेट्रोल मंडळाचं सभासद नाही. त्यांनी नळी लावून ते काढून घेतलं, परेडपुरतं ठेवलं. ॲव्हरेज मात्र धरलं अमेयदादाच्या गाडीचं.

मागून बंबाने भोंगा दिला. मंजुषाताईंनी माइक घेतला. "सर्व चौसष्ट स्वयंसेवकांनी कृपया गाडी ढकलण्यासाठी पुढे यावं!"

मी तेव्हाच मोजणी केली, कारण सवय लागलीय. ढकलायला आलेले: मी, अमेयदादा आणि ट्रॅफिक थांबवणारा एक पोलीस, जो मंडळाचा सभासद नाही. 'लेफ्ट घे, लेफ्ट!' असं सांगणारे एकोणीस. व्हिडिओ काढणारे बाकीचे. लेझीमवाले वजन कमी व्हावं म्हणून खाली उतरले, आणि प्रेक्षक बघतायत म्हणून तिथेच लेझीम खेळायला लागले.

आम्ही तिघांनी जोर लावला. हललं नाही.

मग गाडीचं ते लांबलचक दार उघडलं. काकू उतरल्या. पैठणीचा पदर खोचला, मागे आल्या, माझ्या शेजारी उभ्या राहून दोन्ही हात ट्रेलरला लावले.

"काकू, तुम्ही नका..."

"गप्प. श्वास घे. मी तीन म्हटलं की सोड." आणि मग त्यांनी पुढे बघून आवाज दिला, "अहो! ब्रेकवरून पाय काढा, नाहीतर पन्नास वर्षं ढकलतेय तशी अजून ढकलत बसेन!"

पाय निघाला. तीन म्हटलं. गाडी हळूच माथ्यावरून पुढे कलली आणि स्वतःहून सुटली. उतारावरून, इंजिन बंद, आवाज शून्य, किल्ला डौलात, मंजुषाताई हात हलवतायत, आणि आम्ही मागे धावतोय. व्यासपीठासमोरून अशी काही तरंगत गेली म्हणून सांगू! टाउनचा निवेदक माइकवर एकदम भारावून म्हणाला की बघा, ही पन्नास वर्षांची जुनी गाडी, मराठी लोकांनी इलेक्ट्रिक केलीय. टाळ्यांचा कडकडाट. पर्यावरणपूरक चित्ररथाची हिरवी रिबन आम्हाला मिळाली. गॅलनला दहा मैल देणाऱ्या गाडीला. पोलिसाने टाळी देऊन अमेयदादाला विचारलं की बॅटरी केवढी आहे. अमेयदादा म्हणाला, "आठ पॉइंट दोन."

खाली मैदानात गाडी थांबली. काका उतरले, काकूंकडे आले आणि किल्ली पुढे केली.

"स्वतःच्या ताकदीवर नाही गेली," ते म्हणाले. "अट ती अट."

मंजुषाताई ग्रॉस पद्धतीने ती गेलीच आहे असं सांगायला पुढे झाल्या. काकूंनी त्यांच्याकडे फक्त बघितलं. मंजुषाताई तिथेच थांबल्या. मला वाटलं त्या दहापासून उलटे आकडे मोजतील आणि झोपतील.

"चढ कोणी चढवला?" काकूंनी काकांना विचारलं.

"तिनेच."

"सगळ्या ओझ्यासकट?"

"हो."

"मग मी आज गाडी ढकललेली नाही. मंडळ ढकललंय." काकूंनी किल्ली काकांच्या शर्टाच्या खिशात टाकली आणि वरून थोपटली. "गाडी राहील. नैनाच्या गाडीला जागा लागतेच आहे, तर गराजमधलं मंडळाचं सामान जाईल. सगळं. ह्या आठवड्यात."

काका इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसायला लागला.

सामान म्हणजे फार नाही. अकरा वर्षांचे पडदे, सहा स्पीकर (एक चालतो), मोडलेला पाळणा, कागदी प्लेटांचे खोके, आणि आता हा किल्ला. तातडीच्या सभेत ते ठेवायला योग्य घर शोधायचं ठरलं: मोठं बेसमेंट हवं, त्यात एक ट्रेडमिल हवी जिच्यावर कपडे वाळत घालतात, आणि घरातला माणूस असा हवा की ज्याला मंडळाबद्दल आस्था आहे पण सभेला येता येत नाही. हात वर करा म्हटल्यावर कोणीच केला नाही. पण मग मी तुमचं नाव सुचवलं. आणि बघा ना, एवढा वेळ मी सांगतेय आणि तुम्ही एकदाही 'नाही' म्हणाला नाहीत, उलट दोनदा हसलात. ते इतिवृत्तात होकार म्हणून नोंदवलंय, पासष्टावे स्वयंसेवक म्हणून अभिनंदनाचा ठरावही झालाय. काका टाकी फुल करून निघालेत. तेवढी ट्रेडमिल जरा भिंतीकडे सरकवून ठेवा, किल्ला उभाच आत घ्यावा लागतो.